पैलवान खेळणाऱ्याची फसवणूक

टेबलटॉप रोलप्लेइंग खेळांत पात्राच्या पर्यायांचा तोल सांभाळण्याची काही गरज नसते, हे मत जुनंच आहे; पण हल्ली ते फार ठामपणे ऐकू येतं. बॅलन्स ही व्हिडिओ गेमवाल्यांची डोकेदुखी, असं सांगितलं जातं. इथे कुणी कुणाविरुद्ध खेळत नाही, सगळे एका बाजूचे, मग एकाचं पात्र दुसऱ्यापेक्षा जड झालं तर बिघडलं कुठे? कमीजास्त झालंच तर डीएम बसलेला आहे, तो सांभाळून घेईल. आणि शेवटी ठेवणीतला मुद्दा येतो: ज्याला खरंच भूमिका निभावायची आहे तो आकड्यांकडे बघतच नाही. हे बोलणारे खेळावर जीव लावणारे लोक आहेत, त्यांतले कित्येक जण वर्षानुवर्षं टेबल चालवतात. नवे खेळाडू त्यांचंच ऐकतात, म्हणून त्यांचं म्हणणं खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

ज्यांनी हा प्रकार खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एकेक पात्र असतं. एक जण डीएम, म्हणजे जगाचा, राक्षसांचा आणि उरलेल्या सगळ्या माणसांचा कारभार बघणारा. आपलं पात्र काय करू पाहतंय ते तोंडाने सांगायचं, जमलं की फसलं ते फासे ठरवतात. गोष्ट महिनोन्महिने चालते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा 1974 चा खेळ या प्रकारातला पहिला आणि आजही सर्वांत पसरलेला. पुण्या-मुंबईतही तो आवडीने खेळला जातो. पात्र अनुभवाने लेव्हल चढत जातं आणि ठरावीक लेव्हलला खेळाडूला निवड मिळते: नवी विद्या, नवा मंत्र, नाहीतर खेळाडू ज्याला फीट म्हणतात तसं एखादं खास कसब. वाद आहे तो या निवडींचा.

तोल म्हणजे सगळे सारखे, असं मी म्हणत नाही. चोराने कुलूप उघडावं, जादूगाराने भिंत उडवावी, योद्ध्याने दार अडवून उभं राहावं; ज्याची त्याची कामं वेगळी असलीच पाहिजेत. माझं म्हणणं एवढंच आहे, की पुस्तक जेव्हा दोन पर्याय एकाच प्रकरणात, एकाच किमतीला ठेवतं, तेव्हा ते खेळाडूला शब्द देत असतं: यातलं कुठलंही घे, तुझं नुकसान होणार नाही. किंमत म्हणजे पात्राच्या आयुष्यातली ती एक जागा, जी बहुतेक वेळा पुन्हा मिळत नाही. तो शब्द पाळणं म्हणजे तोल. तो मोडला, तर छापील पुस्तक वाचकाला फसवतं, आणि तेही जो सर्वांत विश्वासाने वाचतो त्याला.

उदाहरण घेऊ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या 2014 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ‘ग्रॅपलर’ नावाची फीट आहे. ग्रॅपलर म्हणजे कुस्ती करणारा, शत्रूला पकडून दाबून ठेवणारा. आपल्याकडच्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला तलवार-ढाल सोडून पैलवान खेळावासा वाटला, तर त्यात नवल काहीच नाही. तालमी आणि कुस्तीची मैदानं ज्यांच्या आसपास होती त्यांना तर पहिल्यांदा हेच सुचेल. योद्धा हा क्लास, म्हणजे पात्राचा पेशा, घ्यायचा, चौथ्या लेव्हलला निवड आली की यादीत शोधायचं, आणि नावानिशी आपलंच कसब समोर दिसतं. न घेणारा विरळा.

आता ती फीट काय देते ते बघा. एक, ज्याला तुम्ही धरून ठेवलं आहे त्याच्यावर हल्ला करताना तुम्हाला ॲडव्हांटेज, म्हणजे दोन फासे टाकून त्यांतला मोठा घ्यायची मुभा. दुसरं, तुमची अख्खी ॲक्शन, म्हणजे पाळीतलं मुख्य काम, खर्चून धरलेल्या शत्रूला जखडता येतं; पण नियम असा, की तो जखडला गेला की तुम्हीही जखडले जाता. जखडलेल्याचे हल्ले कच्चे पडतात आणि त्याच्यावरचे हल्ले सोपे होतात. म्हणजे तुम्ही दोघं होतात तिथेच अडकून राहता, आणि शत्रूचे साथीदार तुम्हाला आरामात ठोकतात. तुमच्या बाजूच्या तिरंदाजाला थोडी मदत होते, हे खरं. पण त्यासाठी तुम्ही तुमची पाळी आणि तुमची सुरक्षितता दोन्ही घालवलेली असते. पहिल्या छपाईत तिसराही एक फायदा लिहिला होता: तुमच्यापेक्षा एका मापाने मोठा प्राणी तुमच्या पकडीतून आपोआप सुटणार नाही. गंमत म्हणजे तसा आपोआप सुटण्याचा नियम पुस्तकात कुठे नव्हताच. पुढे शुद्धिपत्रात ती ओळ काढून टाकावी लागली.

हीच फीट न घेता काय करता येतं? पाचव्या लेव्हलचा योद्धा एका पाळीत दोन वार करतो. एका वाराच्या जागी तो शत्रूला धरू शकतो आणि दुसऱ्याच्या जागी ढकलून पाडू शकतो. धरलेल्याचा वेग शून्य होतो, त्यामुळे पडलेला शत्रू उठू शकत नाही. पडलेल्यावर जवळून वार करणाऱ्या प्रत्येकाला ॲडव्हांटेज, एकट्या पैलवानाला नव्हे, सगळ्या साथीदारांना. शिवाय पडलेल्याचे स्वतःचे वारही कच्चे पडतात. हे सगळं फुकट, कुठल्याही फीटविना. आणि चौथ्या लेव्हलची तीच जागा फीटऐवजी ताकद दोनने वाढवायला वापरली, तर धरण्याची, ढकलण्याची आणि मारण्याची शक्यता सगळीच वाढते. म्हणजे पैलवानकीची फीट नाकारणारा अधिक चांगला पैलवान होतो, आणि ती घेणारा आपल्याच हाताने मागे पडतो.

आता तो ठेवणीतला मुद्दा घ्या: खरा भूमिका निभावणारा आकडे बघत नाही. अगदी बरोबर, नाहीच बघत. म्हणून तर तो मार खातो. आकडेमोड करणाऱ्याला असल्या पर्यायाने काही होत नाही. तो अर्ध्या तासात ग्रॅपलर बाजूला ठेवून पुढे जातो. सापडतो तो पात्रावर प्रेम करणारा, ज्याने आधी माणूस मनात आणला आणि मग त्याला शोभणारं नाव यादीत शोधलं. तोल नसलेलं पुस्तक भूमिकेवर जीव लावणाऱ्याला दंड करतं आणि आकड्यांवर जीव लावणाऱ्याला बक्षीस देतं. तरीही भूमिकेच्या नावाने तोलाला विरोध करायचा, हे मला कधीच पटलेलं नाही. मी स्वतः टेबल चालवतो आणि असा खेळाडू कसा विझत जातो ते पाहिलं आहे: पहिल्या बैठकांत तो प्रत्येक पकडीचं वर्णन करतो, मग नुसता फासा टाकतो, मग आपली पाळी आली हे त्याला दुसऱ्याने सांगावं लागतं. त्याला स्वतःच्या पात्राचा कंटाळा येत नाही. आपलं पात्र आपण म्हणतो तसं नाही, हे त्याला जगाने दहादा दाखवून दिलेलं असतं.

‘ग्रॅपलर’ची निवड मी मुद्दाम केली. जानेवारी 2023 मध्ये पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली सगळ्यांसाठी मोकळे झाले. महागडी पुस्तकं न घेता खेळू पाहणाऱ्या आपल्याकडच्या कितीतरी मुलांसाठी तो फार मोठा आधार आहे. त्या मोकळ्या दस्तऐवजात फीट एकच दिली आहे, आणि ती ग्रॅपलर.

या खेळाच्या रचनाकारांत असे लोक होते ज्यांनी ही विषमता जाणूनबुजून ठेवली, आणि ते त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंही. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीचे एक रचनाकार माँटे कुक यांनी नंतर एका लेखात सांगितलं, की काही पर्याय दुसऱ्यांपेक्षा सरस असावेत आणि खेळावर प्रभुत्व मिळवणाऱ्याला त्याचं फळ मिळावं, हा विचार त्या आवृत्तीमागे होता. त्यांनी उदाहरण घेतलं ‘टफनेस’ या फीटचं: तीन हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, जास्त, बस. पहिल्या लेव्हलच्या एल्फ जादूगाराकडे मुळात तीनच हिट पॉइंट असू शकतात, त्याला हे दुप्पट आयुष्य. एका संध्याकाळच्या खेळापुरतंही ठीक. पण दहाव्या लेव्हलच्या योद्ध्याकडे ऐंशीच्या आसपास हिट पॉइंट असतात, आणि तिथे हे तीन कुणाच्या लक्षातही येत नाहीत. त्या आवृत्तीत पात्राला वीस लेव्हलच्या अख्ख्या आयुष्यात सामान्यतः सात फीट मिळत, आणि घेतलेली बदलण्याचे नियम आले ते 2006 च्या ‘प्लेअर्स हँडबुक 2’मध्ये. मधल्या काळात ज्याने पहिल्या दिवशी ‘टफनेस’ घेतली तो ती जन्मभर वागवत राहिला. कुक यांनी त्याच लेखात हेही म्हटलं आहे, की नियम कुठे उपयोगी पडेल हे वाचकाला सरळ सांगणंही चांगलंच. मला त्यांच्या या दुसऱ्या वाक्याचं जास्त महत्त्व वाटतं. एका ओळीत ‘छोट्या, एकदाच खेळायच्या गोष्टींसाठी’ असं लिहिलं असतं, तर ‘टफनेस’वर माझा काहीही आक्षेप राहिला नसता.

प्रभुत्वाचा आनंद मी नाकारत नाही. वर्षानुवर्षं खेळणाऱ्याने नवख्यापेक्षा चांगलं खेळावं, हे योग्यच आहे. पण ते प्रभुत्व टेबलावर दिसावं: दोन साथीदारांच्या विद्या जोडून कोंडी फोडण्यात, योग्य क्षणी मागे हटण्यात, डीएमने न योजलेला रस्ता शोधण्यात. पुस्तकातली वाईट पानं ओळखून टाळणं हे खेळाचं कौशल्य नव्हे. ते घरी, एकट्याने, खेळ सुरू होण्याआधीच संपलेलं असतं, आणि शेजारी बसलेल्याला त्यातून काही मिळत नाही.

डीएम सांभाळून घेईल, या उत्तराचा मला मनापासून राग येतो. कारण ते काम कुणाच्या गळ्यात घातलं जातं ते मला माहीत आहे. समजा एका टेबलावर तिसऱ्या आवृत्तीची ड्रुइड, म्हणजे निसर्गाची जादू जाणणारी, आहे. तिच्यासोबत पहिल्या लेव्हलपासून लढणारा लांडगा आहे, पाचव्या लेव्हलला ती स्वतः जनावराचं रूप घेते, आणि सहाव्या लेव्हलला ‘नॅचरल स्पेल’ ही एकच फीट घेऊन अस्वलाच्या रूपात असतानाही मंत्र टाकते. त्याच टेबलावर साधा तलवारबाज आहे. त्याच्या वाट्याचं काम तिचा लांडगा आणि अस्वल मिळून करून टाकतात. डीएमने काय करायचं? शत्रू तिच्या तोडीचे केले, तर तलवारबाजाचे वार लागतच नाहीत आणि तो दोन फटक्यांत आडवा होतो. त्याच्या तोडीचे केले, तर तिच्यासाठी लढाई सुरू होण्याआधी संपते. मग डीएम तलवारबाजाला एखादी जादूची तलवार सापडवतो. सगळ्यांना कळतं ती का सापडली, त्यालाही कळतं. आपल्या पराक्रमाने मिळवलेली वस्तू आणि दया म्हणून मिळालेली वस्तू यांतला फरक खेळाडूला फासा न टाकताही समजतो. अनुभवी डीएम यातूनही वाट काढतो, मान्य. पण नियमांची पुस्तकं विकत घेतली जातात ती प्रत्येक नव्या डीएमने हेच काम रात्र-रात्र जागून पुन्हा करावं म्हणून नव्हे. रचनाकाराला त्याचे पैसे मिळालेले असतात. डीएमला मिळत नाहीत.

सगळे एका बाजूचे आहेत, मग तोल कशाला, या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. एका बाजूचे असले तरी वाटून घ्यायची एक गोष्ट असतेच: गोष्टीतली जागा. चार तासांच्या बैठकीत कुणामुळे काय घडलं, ही ती जागा. स्पर्धेच्या खेळात दुबळं पात्र पुढच्या डावाला टाकून देता येतं. इथे एकदा निवडलेल्या माणसासोबत तुम्ही वर्षभर बसता. म्हणून तोलाची गरज सहकाराच्या खेळात कमी होत नाही, वाढते.

जुन्या काळाचा दाखलाही दिला जातो: सुरुवातीच्या खेळात कुठे होता तोल? होता. 1974 च्या खेळात तीनच क्लास होते, योद्धा, जादूगार आणि क्लेरिक (पुजारी), आणि दुसऱ्या लेव्हलला जायला योद्ध्याला 2,000 अनुभव-गुण लागत, जादूगाराला 2,500 आणि क्लेरिकला 1,500. जादूगार पुढे भारी होणार, म्हणून त्याची चढण महाग. सुरुवातीला तो एका फटक्यात मरेल इतका नाजूकही. हिशोब ओबडधोबड होता, पण तो मांडलेला होता. शिवाय तेव्हा खेळाडू पात्र बांधत नसे, फाशांनी जे पदरी पडेल ते खेळत असे. नशिबाने दिलेल्या विषमतेबद्दल कुणी पुस्तकाला जाब विचारत नाही. तिसऱ्या आवृत्तीने 2000 मध्ये सगळ्या क्लासना एकच अनुभव-तक्ता दिला आणि त्याच वेळी निवडींचा ढीग समोर ठेवला. जुनं वजन काढून घेतलं आणि त्याच्या जागी दुसरं ठेवलं नाही. जुन्या खेळाच्या आठवणीने आजच्या विषमतेचं समर्थन करणारे नेमका हा बदल विसरतात.

विरोधकांचा एकच मुद्दा मला खरोखर वजनदार वाटतो: तोलाच्या मागे लागलं की सगळं एकसारखं होतं. 2008 ची चौथी आवृत्ती याचा पुरावा म्हणून दाखवली जाते. तिथे सुरुवातीच्या सगळ्या क्लासना एकच सांगाडा दिला होता: कायम वापरायच्या शक्ती, एका लढतीत एकदा वापरायच्या, दिवसातून एकदा वापरायच्या. योद्धा आणि जादूगार कागदावर भावंडांसारखे दिसू लागले, आणि पुष्कळांचं मन तिथे रमलं नाही. ती तक्रार मी खोटी ठरवणार नाही. पण त्यातून तोल वाईट असं सिद्ध होत नाही, कारण एकसारखेपणाने तिथे तोलही पुरता साधला नव्हता. लेव्हल चढत गेल्या तसे खेळाडूंचे वार कमी लागू लागले, आणि 2009 च्या दुसऱ्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये नेम वाढवणाऱ्या ‘एक्स्पर्टीज’ फीट आल्या. त्या जवळजवळ प्रत्येकाला घ्याव्याच लागल्या. जी निवड सगळ्यांना करावीच लागते ती निवड नसते. नियमांतली चूक खेळाडूच्या खिशातून भरून काढणं असतं.

वेगळेपण ठेवून तोल साधता येतो, हे ‘पाथफाइंडर’ या दुसऱ्या एका खेळाच्या 2019 च्या दुसऱ्या आवृत्तीने दाखवलं. तिथे फीटचे कप्पे वेगळे केले आहेत: क्लासच्या वेगळ्या, साध्या कौशल्यांच्या वेगळ्या, सर्वसाधारण वेगळ्या, आणि प्रत्येक कप्प्याच्या जागा वेगळ्या. त्यामुळे वाटाघाटीत वाकबगार असलेलं पात्र घडवायचं, तर तलवारीचा एखादा डाव सोडावा लागत नाही. एकाच थाळीत भाकरी आणि अत्तर ठेवून ‘एकच उचल’ म्हणण्याचा जुना अन्याय तिथे बंद झाला. त्या आवृत्तीतही दोष आहे: कौशल्यांच्या कप्प्यातल्या बऱ्याच फीट इतक्या बारीक आहेत, की घेतल्या काय आणि न घेतल्या काय. निवडीचं नुकसान होऊ नये म्हणून निवडीचं वजनच काढून घेणं, ही वेगळी चूक आहे आणि तिच्यावर टीका झालीच पाहिजे. पण तिथला योद्धा आणि तिथला जादूगार यांत गोंधळ कुणाचा होत नाही.

विषमता उघडपणे मांडली तर मला तिचंही वावडं नाही. 1987 चा ‘आर्स मॅजिका’ हा खेळ जाहीरच करतो, की त्यातले जादूगार इतरांपेक्षा कितीतरी बलवान आहेत. मग तो सांगतो: प्रत्येक खेळाडूने आळीपाळीने जादूगार खेळावा, कधी त्याचा सोबती, कधी साधा पहारेकरी. तिथे शब्द मोडला जात नाही, कारण पहारेकरी घेणाऱ्याला आपण काय घेतलं ते ठाऊक असतं आणि पुढची पाळी त्याची असते. ‘चॅम्पियन्स’ या 1981 च्या खेळात पात्र गुणांनी विकत घ्यायचं आणि उणिवा घेतल्या तर गुण परत मिळायचे; त्यासोबत नियम असा, की जी उणीव खेळात आडवी येत नाही तिचे गुण मिळणार नाहीत. वाळवंटातल्या गोष्टीत पोहता न येण्याचे पैसे वसूल करता येत नाहीत. हाही किमतीचाच प्रामाणिकपणा.

आणि हे काम अशक्य नाही, फक्त उशिरा होतं. 2014 च्याच पुस्तकात रेंजर या क्लासचा ‘बीस्ट मास्टर’ हा प्रकार होता, ज्याला आपल्या जनावराकडून हल्ला करवायला स्वतःची अख्खी ॲक्शन मोडावी लागे. बोनस ॲक्शनवर चालणारं, दमदार जनावर मिळायला 2020 चं ‘टॅशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ यावं लागलं. 2024 च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मध्ये ग्रॅपलर नव्याने लिहिली गेली: ठोसा लागला की त्याच वाराबरोबर पकडही घेता येते, धरलेल्याला ओढत नेताना वेग कमी होत नाही, आणि ताकदीत किंवा चपळाईत एकाची भरही पडते. खेळ यामुळे बेचव झाला, असं मला कुणी दाखवून दिलेलं नाही.

जे कुणी स्वतःचे नियम लिहीत असतील त्यांना माझी विनंती आहे: तुमची यादी आधी जाणकाराला देऊ नका. जिला फक्त आपलं पात्र कोण आहे एवढंच माहीत आहे अशा व्यक्तीला द्या, तिने नावावरून काय निवडलं ते लिहून ठेवा, आणि ते पात्र इतरांच्या शेजारी काही बैठका खेळवून बघा. आणि जे डीएम आजही 2014 च्या किंवा त्या मोकळ्या नियमांनी टेबल चालवतात, त्यांनी एवढं तरी करावं: कुणी ग्रॅपलर उचलली तर ती काय देते आणि काय देत नाही ते तिथेच स्पष्ट सांगा, आणि चुकलेली निवड पुढच्या लेव्हलला विनाअट बदलू द्या. त्यासाठी नव्या पुस्तकाची गरज नाही. येत्या बैठकीत फासे बाहेर काढण्याआधी खेळाडूंना हे सांगून टाका.